डबी फेकू नका, पण आजपासून लावूही नका

बार्शीहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडं कमी करून देते.

«माझी मुलगी एकोणीस वर्षांची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात ती एकटीच सावळी. नाकीडोळी नीटस आहे, पण नणंदबाई म्हणाल्या, आता स्थळं बघायची वेळ येईल, रंगाचं काहीतरी करा. त्यांनीच मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिली. आठ दिवसांत चेहरा असा उजळला की शेजारणी विचारायला लागल्या. वर्षभर लावली. आता एक दिवस नाही लावली तर चेहरा लालबुंद होतो, आग होते, पुटकुळ्या येतात, गालांवर लव वाढली आहे. म्हणून पाच महिन्यांपूर्वी ओळखीच्या पार्लरवालीकडून दुसरं क्रीम आणलं. पांढऱ्या डबीत देते, वर कागद नाही, पण हर्बल आहे म्हणते. रात्री लावायचं आणि लावताना कानातलं-गळ्यातलं काढून ठेवायचं. मलाही गालांवर वांग आहेत म्हणून मीही तेच लावते. ट्यूब आणि डबी दोन्ही आलटूनपालटून चालू आहे. मुलीचा चेहरा शांत होईल असं चांगलं क्रीम सुचवा, मे महिन्यात पाहुणे यायचे आहेत. बाकी सगळं ठीक. माझे पाय पंधरा दिवसांपासून संध्याकाळी सुजतात, सकाळी डोळ्यांखाली फुगतं, ते दिवसभर उभं राहिल्यामुळे असेल. धाकटा सहा वर्षांचा आहे, माझ्याजवळच झोपतो. त्याचा रंगही ताईसारखाच आहे. त्याला ती डबी इतक्या लवकर सुरू केली तर चालेल का?»

ताई, तुम्ही पत्र मुलीच्या चेहऱ्यासाठी लिहिलंत. मी मात्र तुमच्या पायांपासून सुरुवात करणार आहे. मुलीच्या चेहऱ्याला थोडे दिवस थांबता येईल, तुमच्या पायांना थांबता येणार नाही.

उद्या सकाळी उठल्यावरची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत घ्या आणि बार्शीतल्या कुठल्याही लॅबमध्ये द्या. लघवीत प्रथिनं जातात का, एवढं आधी कळू द्या. त्या वेळी भांड्यात किंवा संडासात फेस येतो का तेही बघा. साबणाचं पाणी ओतल्यासारखा, पाणी टाकलं तरी न विरणारा फेस असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. त्याच फेरीत रक्तदाब मोजून घ्या, रक्तातलं अल्ब्युमिन (हे एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन (ही किडनीची नेहमीची तपासणी) बघायला द्या. एक लक्षात ठेवा, मला किडनीच्या ज्या आजाराची शंका येते आहे त्यात क्रिएटिनिन ठीक आलं म्हणजे किडनी ठीक आहे असं म्हणता येत नाही. सुरुवातीला ते बऱ्याचदा ठीकच येतं. खरी गोष्ट लघवी सांगते.

पाय दिवसभर उभं राहूनही सुजतात, ते मला मान्य आहे. थायरॉइडने सुजतात, रक्त कमी असलं तरी सुजतात. पण उभं राहण्याची सूज पायांतच राहते. सकाळी उठल्याबरोबर डोळ्यांखाली फुगतं त्याचा ओट्याशी उभं राहण्याशी संबंध नाही. आणि तुम्ही पाच महिने नाव नसलेल्या डबीतलं क्रीम रोज रात्री चेहऱ्याला लावताय. या दोन गोष्टी एकाच पत्रात वाचल्यावर मला शांत बसवत नाही.

दागिने काढून ठेवायला सांगितलं, हे वाक्य मी तीनदा वाचलं. साध्या क्रीमला दागिन्यांचं वावडं कशाला असेल? आपल्याकडे जुन्या बायका थर्मामीटर फुटला की आधी बोटातली अंगठी काढायच्या, कारण पारा सोन्याला लागला की सोनं पांढरं पडतं. गावातल्या सोनाराला विचारा, तोही हेच सांगेल. पारा असलेल्या क्रीमच्या वेष्टनांवर परदेशात अशा सूचना सापडल्या आहेत: सोनं, चांदी, ॲल्युमिनियमला लागू देऊ नका. तुमच्या पार्लरवालीला तिच्या पुरवठादाराने हेच सांगितलं असणार आणि का ते तिला कदाचित माहीतही नसेल. एवढ्यावरून डबीत पारा आहे असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, ते प्रयोगशाळा सांगेल. पण आहे असं धरूनच आजपासून वागा.

हर्बल म्हटलं की आपल्या मनात हळद, मंजिष्ठा, कोरफड येते. पारा हा धातू आहे. त्वचेचा रंग ज्याने होतो ते मेलॅनिन तयार करणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) तो रोखतो, म्हणून चेहरा उजळतो. काम झालं की तो निघून जात नाही. त्वचेतून रक्तात उतरतो आणि रक्त गाळायचं काम जिचं, त्या किडनीत जाऊन साठतो. किडनीची चाळणी अशी असते की पाणी आणि घाण खाली जाते आणि रक्तातली प्रथिनं वर राहतात. पाऱ्यामुळे शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्या चाळणीवर उलटते, चाळणी सैल पडते, प्रथिनं लघवीतून वाहून जातात आणि पाणी अंगात मुरायला लागतं. मग पाय, पापण्या, कधी पोट सुजतं. डॉक्टरांच्या भाषेत हा मेम्ब्रेनस नेफ्रोपथी नावाचा आजार.

केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल नावाचं गाव आहे. तिथल्या किडनीच्या डॉक्टरांकडे जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात या आजाराचे २२ रुग्ण आले. त्यांपैकी १५ जणांत आजाराचा एक विशिष्ट, एरवी क्वचित दिसणारा प्रकार निघाला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी सांगितलं की सूज येण्याआधी आपण गोरं होण्याचं क्रीम लावत होतो. क्रीम बंद केल्यावर बहुतेक जण सुधारले. एका रुग्णाच्या मेंदूतल्या शिरेत मात्र रक्ताची गुठळी झाली. या आजारात रक्त घट्ट होतं, म्हणून हेही सांगून ठेवते: एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला, धाप लागली किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखायला लागलं, तर रिपोर्टची वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा.

केरळ लांब वाटत असेल तर अकोला घ्या. २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आलं होतं. कॉलेजातल्या एका मुलीने पार्लरमधून क्रीम आणलं, चेहरा खुलला, ते बघून आई लावायला लागली, मग बहीणही. काही महिन्यांत तिघींच्या किडन्यांना सूज आली. मुंबईच्या केईएममध्ये ते क्रीम तपासलं तेव्हा त्यात पारा सापडला. एक डबी आणि एका घरातल्या तीन बायका. तुमचं पत्र वाचताना मला तेच घर दिसत होतं.

म्हणून लघवीची तपासणी तुमची एकटीची नको. मुलीचीही करा, तिला सूज नसली तरी. आणि धाकट्याचीही.

धाकट्याला लावलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंत. नाही, ताई. एक बोटभरही नाही. शिवाय तुम्ही त्याला अजून लावलेलं नसलं तरी डबी त्याच्यापर्यंत थोडीफार पोचलेली असू शकते. तो तुमच्या कुशीत झोपतो. रात्री लावलेलं क्रीम उशीच्या अभ्र्याला लागतं, पांघरुणाला लागतं, तुमच्या गालाला गाल लावला की त्याच्या गालाला लागतं. पाऱ्याची वाफही होते आणि ती बंद खोलीत श्वासातून जाते. क्रीम एकीने लावायचं आणि पारा लेकराच्या लघवीत सापडायचा, असं जगभर घडलेलं आहे. लहान मुलांत तो मेंदू आणि मज्जातंतूंना आधी त्रास देतो. मूल किरकिरं होतं, झोपत नाही, हात थरथरतात, कधी तळहात-तळपाय गुलाबी होऊन दुखतात. यातलं काही दिसतंय का ते आठवून बघा आणि डॉक्टरांना सांगा. अभ्रे, चादरी, तोंड पुसायचे टॉवेल आजच वेगळे काढून धुवा. खिडक्या उघड्या ठेवा. एरवी मूल पोटात असताना किंवा अंगावर पीत असतानाही पारा आईकडून त्याच्यापर्यंत जातो. तुमच्या नात्यात कुणी गरोदर असेल आणि तीही त्याच पार्लरमधून डबी नेत असेल तर आज रात्रीच फोन करा.

रक्तातला आणि लघवीतला पारा मोजण्याची तपासणी वेगळी असते. बार्शीत होणार नाही, नमुना बाहेर पाठवावा लागेल. ती किडनीच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने करा आणि मासे खात असाल तर त्यांना तसं सांगा, माशांमुळेही रक्तातल्या पाऱ्याचा आकडा वाढतो. लघवीत प्रथिनं निघाली तर सोलापूर गाठा. सिव्हिलमध्येही दाखवता येईल. जाताना डबी बरोबर न्या. आणि डॉक्टरांना क्रीमचं सांगायला लाजू नका. ते आपणहून विचारतीलच असं नाही, आणि तुम्ही नाही सांगितलंत तर सुजेचं कारण शोधण्यात महिने जातील.

आता लेकीच्या चेहऱ्याकडे येते.

तुम्ही ट्यूबचं नाव लिहिलं नाहीत, पण जे वर्णन केलंय त्यावरून ती कुठल्या जातीची ते ओळखता येतं. ट्यूब उजेडात धरा, चष्मा लावा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, यांपैकी काही आहे? ती स्टिरॉइडं आहेत. शेजारी हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन ही नावं असतील, तर तो तिघांचा मिळून केलेला लेप आहे. हे मिश्रण वाईट नाही. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ क्लिगमन यांनी १९७५ साली ते पहिल्यांदा मांडलं आणि थोडेफार बदल करून आम्ही त्वचेचे डॉक्टर आजही वांगासाठी देतो. पण मोजक्या आठवड्यांसाठी, डागापुरतं, रात्री, रुग्ण डोळ्यांसमोर ठेवून. वांगावरचं हे औषध गोरेपणाचं क्रीम म्हणून सगळ्या चेहऱ्याला वर्षभर चोपडायचं, हे आपल्याकडच्या काउंटरवर सुरू झालं.

आठ दिवसांत उजळली ते खोटं नव्हतं. स्टिरॉइडने त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, चेहरा फिका दिसतो. आधीची बारीक सूज, पुरळ बसतं. रंग तयार होणंही मंदावतं. म्हणून पहिला महिना सगळे कौतुक करतात. मग त्वचा पातळ व्हायला लागते. आकसलेल्या रक्तवाहिन्या औषध थांबलं की दुप्पट फुलतात, त्यालाच तुम्ही लालबुंद म्हणताय. मुलगी घाबरून पुन्हा ट्यूब लावते, तासाभरात गार वाटतं आणि ट्यूबशिवाय आपलं होत नाही असं तिच्या मनात पक्कं बसतं. खरं तर लाली ट्यूबनेच आणलेली असते. भारतात हे इतकं दिसायला लागलं की इथल्या डॉक्टरांनी त्याला वेगळं नाव दिलं: स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा.

माझ्याकडे अशी एक मुलगी मे महिन्यात आली होती. दुपारी साडेतीनची वेळ, बाहेर उन्हाचा भडका, आणि ही आत येऊनसुद्धा स्कार्फ सोडेना. आई म्हणाली, पंखा लागला तरी झोंबतं तिला. मी पंखा बंद केला तेव्हा तिने गाठ सोडली. ट्यूबलाइटच्या उजेडात गाल चकाकत होते, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखे. त्याखाली लाल शिरांचं जाळं. लहानपणी पुस्तकात पिंपळपान ठेवून त्याची जाळी करायचो ना, तसं. हनुवटीवर पुरळ, कानशिलापाशी काळी लव. बोटाने नुसता स्पर्श केला तरी तिचे डोळे भरून आले. गॅससमोर उभी राहू शकत नाही, कॉलेजला जायचं सोडलंय, म्हणाली. मी वय विचारलं. वीस.

ती बरी झाली. सात महिने लागले. हे यासाठी सांगते की तुमच्या लेकीला आधीच महिन्यांचा हिशोब सांगा, दिवसांचा नको. पहिले दोन-तीन आठवडे चेहरा आताहून वाईट दिसेल आणि त्या वेळी नणंदबाई पुन्हा ट्यूब पुढे करतील. तेव्हा तुम्ही मध्ये उभ्या राहा.

डबी आजच बंद, त्यात प्रश्नच नाही. डबीत पाऱ्याबरोबर तीव्र स्टिरॉइडही मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून बंद केल्यावर चेहरा भडकला तर दचकू नका आणि परत लावू नका. ट्यूबचं मात्र येत्या दोन-चार दिवसांत त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून ठरवा. काही जणींना एकदम बंद करता येते, काही जणींना सौम्य औषधावर आणून हळूहळू सोडवावी लागते. मधल्या लालीसाठी, पुरळासाठी डॉक्टर स्टिरॉइड नसलेली मलमं, गरज पडली तर गोळ्या देतील. ट्यूब डोळ्यांच्या अगदी जवळ लागत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून एकदा डोळ्यांतला दाब तपासून घ्या. वर्षभराच्या स्टिरॉइडने काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात, अगदी या वयातही.

तुम्ही क्रीम सुचवा म्हणालात. मी सुचवेन ते फार साधं आहे आणि कदाचित तुमची निराशा होईल. वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर. वास नसलेला, फेस कमी येणारा फेसवॉश, दिवसातून दोनदा. दिवसा किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, सहन होत असेल तर, नाहीतर छत्री आणि सुती ओढणी. बास. डाळीचं पीठ नको, लिंबू नको, हळद-साय नको, वाफ नको, ब्लीच-फेशियल तर अजिबातच नको. एरवी ज्या घरगुती गोष्टींनी काही बिघडत नाही त्या सगळ्या या पातळ त्वचेला ओरबाडतील. आणि पार्लरमधून उद्या कुणी ग्लुटाथायोनच्या सलाइनचं सुचवलं तर दारातूनच परत या. गोरेपणासाठी ते शिरेतून देण्याला आपल्याकडे मान्यता नाही आणि त्याने अंगावर जिवावर बेतणारी रिॲक्शन येऊ शकते.

तुमच्या वांगांसाठीही तेच. आधी लघवी, मग ऊन टाळणं, मग औषध. वांग हट्टी असतात, पण हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं मनाने लावत राहिलं तर जिथे डाग घालवायचे तिथेच निळसर काळी झाक बसते आणि ती जवळजवळ जात नाही. युरोपात २००१ पासून सौंदर्यप्रसाधनांत हायड्रोक्विनोन घालून त्वचा उजळायला बंदी आहे. दक्षिण आफ्रिकेने तर १९९० मध्ये गोरं करणारी क्रीमच बंद केली, कारण तिथल्या हजारो बायकांचे गाल असे कायमचे काळवंडले होते.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत ते.

पत्राच्या पहिल्याच ओळींत तुम्ही लिहिलंत, «आमच्या घरात ती एकटीच सावळी», आणि लगेच, «नाकीडोळी नीटस आहे, पण». तो पण मला माझ्या घरातून माहीत आहे. माझ्या लग्नाच्या वेळी आईने बायोडाटात वर्णाच्या रकान्यात निमगोरी लिहिलं होतं. मी निमगोरी नाही, सावळी आहे. तिने ते प्रेमापोटी लिहिलं, हे मला आज कळतं. पण तेव्हा तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. आपल्या आईला आपल्यात काहीतरी लपवावंसं वाटलं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

वर्षभरापूर्वी, ट्यूब लावायच्या आधी, तुमच्या लेकीच्या त्वचेला काहीही झालेलं नव्हतं. डॉक्टर म्हणून सांगते, ती निरोगी त्वचा होती. रंग बनवणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसांत जवळजवळ सारख्याच संख्येने असतात. फरक असतो तो त्या किती आणि कसं मेलॅनिन बनवतात याचा. ते मेलॅनिन त्वचेच्या पेशीत गेलं की तिच्या केंद्रकावर टोपीसारखं जाऊन बसतं आणि आतल्या जनुकांना उन्हापासून जपतं. सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात जन्मलेल्या मुलीला मिळालेलं हे घरचं छत्र आहे. ते आपण ट्यूब लावून काढून घेतलं, म्हणून तिला आता ऊन सोसत नाही.

तिच्याशी बोला. मोठं भाषण नको. «मी चुकले, तुझ्या रंगात काही वाईट नव्हतं», इतकं म्हणालात तरी चालेल. पण हे तुमच्या तोंडून तिच्या कानावर जायला हवं, माझ्या लेखातून वाचून नको. ट्यूब नणंदबाईंनी आणली असली तरी रोज रात्री लावलीस का विचारणाऱ्या तुम्ही असणार. यात तुम्हाला दोष द्यायचा म्हणून मी हे लिहीत नाही. १९७५ सालापासून या देशात गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती चालल्या आहेत, आणि मुलीला नोकरी मिळते ती रंगामुळे, नवरा मिळतो तो रंगामुळे, हे तुमच्या-माझ्या पिढीने टीव्हीवर बघतच वय काढलं. त्या सगळ्यात मोठ्या क्रीमच्या नावातला फेअर हा शब्द २०२० मध्ये गेला. तुमच्या नणंदबाईंच्या मनातून तो जायला जरा वेळ लागेल.

मे महिन्यातल्या पाहुण्यांना पुढची तारीख द्या. मुलीची दुसऱ्या वर्षाची परीक्षा आहे म्हणा, ते खोटंही नाही. एकोणीस वर्षांच्या, चेहऱ्याची आग होत असलेल्या मुलीला पोह्यांची बशी घेऊन परक्या माणसांसमोर बसवू नका. पुढे जे स्थळ येईल त्याला आताचा खरा फोटो पाठवा. जे रंग बघून मागे जातील ते लग्नानंतरही रंगच बघत बसले असते.

मेडिकलवाल्याबद्दलही बोलायला हवं. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने लावायच्या १४ स्टिरॉइडांना शेड्यूल एच मध्ये घातलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. ट्यूबवर डाव्या कोपऱ्यात आरएक्स छापलेलं असेल आणि चिठ्ठीशिवाय विकू नये अशी इंग्रजीत सूचना. तरीही तुमच्या नणंदबाईंना वर्षभर मिळत राहिली. पाऱ्याचंही तसंच. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मुद्दाम घालता येत नाही, चुकून राहिला तरी दहा लाख भागांत एका भागाहून जास्त चालत नाही. डबीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, घटक हे सगळं असायलाच हवं, बाहेरून आणलेलं असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक. तुमच्या डबीवर कागदच नाही. म्हणजे ती मुळात विकायलाच नको होती.

तक्रार करायची तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे. औषधाने झालेल्या त्रासाची नोंद १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावरही होते. पार्लरवाली ओळखीची आहे, तिच्या पोटावर पाय कसा द्यायचा, असं तुमच्या मनात येईल. आधी तिलाच जाऊन सांगा. तीही बहुधा तेच क्रीम लावत असेल, आणि डबे भरताना तर रोज तिचे हात त्यात असतात. तिचीही लघवी तपासायला हवी. पण एवढं सांगूनही तिने विकणं थांबवलं नाही, तर तक्रार करा. तुमच्या गल्लीतून किती जणी तिच्याकडे जातात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

डबी झाकण घट्ट लावून दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळा, वर तारीख लिहा आणि धाकट्याचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवा, स्वयंपाकघरात नको. कचऱ्यात किंवा मोरीत टाकू नका. डॉक्टरांना ती दाखवायची आहे आणि तपासायला द्यायची वेळ आली तर तीच लागेल. ट्यूबचा खोकाही राहू द्या, आणि कधीपासून काय लावलं ते एका कागदावर लिहून काढा, मुलीला जवळ घेऊन बसून. तिला तारखा तुमच्याहून चांगल्या आठवतील.

लघवीचा रिपोर्ट आला की लगेच कळवा. तिघांचाही.